वड्या बारा, पोरं चोवीस

आपली सोसायटी, बी विंग (राजारामपुरी, कोल्हापूर)

शुक्रवार

सेक्रेटरी अण्णा: उद्या टाकी धुवायची आहे, ९ ते १२ पाणी बंद. दुसरं, रविवारी संध्याकाळी गच्चीवर आपली फुटबॉलची पोरं जमणार. एकूण २४. मेनू त्यांनीच ठरवलाय, मॅगी. कुणाची हरकत?

वृषाली वहिनी ३०२: आहे हरकत. आमचं कार्टं आठवड्यातनं तीनदा तेच खातंय. प्रॅक्टिसवरनं आलं की बूट काढायच्या आधी पातेलं चढवतंय.

वृषाली वहिनी ३०२: (फॉरवर्ड) सावधान!! नूडल्सवर मेणाचा थर असतो. तो चार दिवस पोटात चिकटून राहतो. दहा जणांना पाठवा.

अवी २०१: वहिनी, दहा जणांना पाठवू नका, ते खोटं आहे. बारा वर्षं झाली शिरोलीत कॅन्टीन चालवतोय, मेण कधी सापडलं नाही. नूडल्सची वडी चकाकते ती तेलानं. नूडल्स आधी वाफवतात, मग पामतेलात तळून काढतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातंय आणि बारीक छिद्रं पडतात. आपण गरम पाणी घातलं की ते त्या छिद्रांतनं परत आत शिरतंय. म्हणून तर दोन मिनिटांत शिजतंय.

सुनंदा काकू १०३: तळलेलं असतंय व्हय ते? मला वाटलं आपल्या शेवयांसारखं उन्हात वाळवलेलं. मी आपला शेवयाच समजून खातो.

ओंकार ४०१: काकू, १९५८ ला जपानमध्ये मोमोफुकू आंदो म्हणून एकानं काढलं ते. नूडल्स टिकवायच्या कशा ते जमेना. बायको टेंपुरा तळत होती, ते बघून सुचलं असं सांगतात. टेंपुरा म्हणजे तिकडची भजीच.

सुनंदा काकू १०३: मग भज्याचा भाऊ म्हणा की.

तात्या १०२: डॉक्टरांनी बीपीसाठी माझी भजी बंद केली. भावाबद्दल काही बोलले नाहीत. नोंद घ्यावी.

वृषाली वहिनी ३०२: तात्या 😀 बरं, मग आट्याच्या आणतो मी रविवारी. त्या तरी चालतील ना, अवी भावजी?

अवी २०१: पाकीट उलटं करून वाचा आधी. जे जास्त ते आधी, असा घटक लिहायचा नियम आहे. आटा पहिला असेलही, पण पुढं पामतेल आहे का बघा. बहुतेकांत असतंय. फायबर थोडं जास्त मिळतं एवढंच. पाकिटावर ‘आटा’ लिहिलंय म्हणून पोराला दोन पाकिटं करून देणार असाल तर मैद्याचं एकच बरं. तळलेल्या नसतात अशाही मिळतात, पण त्या शिजायला वेळ घेतात आणि पोरांना दम नाही.

तात्या १०२: २०१५ ला मॅगी बाजारातनं उठवली होती की. मीठ-मैद्यामुळंच ना?

अवी २०१: नाही तात्या. ते शिशावरनं आणि पाकिटावर ‘एमएसजी घातलेलं नाही’ लिहिलं होतं त्यावरनं (एमएसजी म्हणजे अजिनोमोटो). जूनमध्ये बंद झालं, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं बंदी उठवली आणि माल परत तपासायला लावला, नोव्हेंबरला दुकानात हजर. मिठावरनं तेव्हाही कोण भांडलं नाही. भांडायचं तर तिथं भांडायला पाहिजे.

राजूभाऊ २०३: आमच्या पोरीच्या हातातलं पाकीट घेऊन वाचालोय. एका वडीला सोडियम ९०० मिलिग्रॅमच्या आसपास लिहिलंय. ह्याचं मीठ किती?

अवी २०१: अडीचनं गुणा.

राजूभाऊ २०३: सव्वादोन ग्रॅम. थांबा.

राजूभाऊ २०३: (फोटो: काट्यावर मीठ) दुकानातच आहे. गुजरीतला, म्हणजे सराफाचा काटा आहे, खोटं बोलणार नाही. बाजूला अंदाजासाठी पाच ग्रॅमचं वळं ठेवलंय.

वृषाली वहिनी ३०२: अगंबाई. एवढं? ह्यात माझी चौघांची भाजी होते.

अवी २०१: आणि मोठ्या माणसानं अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोरांना त्याहून कमी. भाकरीबरोबरचं लोणचं, संध्याकाळचा फरसाण अजून मोजलाच नाही.

वृषाली वहिनी ३०२: मग सोपं आहे. मसाल्याची पुडी फेकूनच देऊ. घरची चटणी घालू, काटाकिर्र होईल.

सुनंदा काकू १०३: चटणी काय बिनमिठाची असते व्हय वृषाली? डंकावर कांडून आणताना खडे मीठ ओतलेलं तू बघितलंयस. मीठ घातलं नाही तर वर्षभर टिकेल का? तू आपली दोन चमचे घालणार, म्हणजे पुडी परवडली म्हणायची.

वृषाली वहिनी ३०२: 🙏

अवी २०१: काकू जिंकल्या. आता ऐका, माझा हिशेब. चोवीस पोरांना चोवीस वड्या आणायच्या नाहीत, बारा आणायच्या. ताटली भरली पाहिजे, पण ती भाजी आणि मटकीनं. गाजर, कोबी, ढबू मिरची, मटार, जे मिळेल ते, पोरामागं वाटीभर. अर्धा किलो मटकी भिजवली की मोड आल्यावर किलोच्या वर भरते, पोरामागं मूठभर येते. मटकी बिनमिठाची वाफवायची. नूडल्स वेगळ्या उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. वडीतही मीठ असतंय, त्यातलं थोडं आणि थोडं तेल त्या पाण्याबरोबर जातं. पुड्या बारापैकी सहाच फोडायच्या. बाकी चव आलं-लसणाची, जिरेपूड, भरपूर टोमॅटो, कोथिंबीर, आणि उतरवल्यावर लिंबू. आंबट असलं की मीठ कमी पडलंय हे जिभेला कळत नाही. कॅन्टीनमध्ये मी हेच करतो, अजून कोण बोललं नाही. असं केलं की पोरामागं मीठ एक ग्रॅमच्या आत बसतंय.

ओंकार ४०१: टोमॅटोतही ग्लुटामेट असतं काका. म्हणजे अजिनोमोटोच की 😜

अवी २०१: खरं आहे, म्हणूनच घालतोय. मिठाच्या मानानं अजिनोमोटोत सोडियम तिसरा हिस्सा. लोक उगीच त्याला घाबरतात आणि मीठ ओतत बसतात.

सुनंदा काकू १०३: मटकी मी आत्ताच भिजत घालतो. उद्या टाकी धुताय म्हणजे सकाळी पाणी नाही. उद्या फडक्यात बांधली की परवापर्यंत बोटभर मोड.

राजूभाऊ २०३: मिसळीला पण थोडी जास्त भिजवा काकू.

शनिवार

वृषाली वहिनी ३०२: कपिलतीर्थ मार्केटातनं भाजी आणली. मटार सोलायला दोन माणसं पाहिजेत. पुरुष चालतील.

सेक्रेटरी अण्णा: पाणी १ वाजता सुरू होईल. क्षमस्व.

रविवार

अवी २०१: मोठ्या पातेल्यात बारा वड्या एकदम टाकू नका, मी येईपर्यंत थांबा.

वृषाली वहिनी ३०२: टाकल्या 🙈 सहाच टाकल्या. झाकण पण ठेवलं.

अवी २०१: झाकण काढा! खालच्या गळतात, वरच्या कच्च्या राहतात. सगळं पाणी ओढून लगदा होतोय. गॅस बंद करा, चाळणीत ओता, वरनं गार पाणी मारा. आलोच.

सुनंदा काकू १०३: लगदा नाही झाला. थोडा झाला. मोठ्यांना वाढू तो.

ओंकार ४०१: पोरं मटार वेचून कडेला ठेवालीत. मटकी मात्र खाल्ली. मिसळ-मॅगी म्हणालीत तिला.

राजूभाऊ २०३: आमची पोरगी म्हणते मसाला कमी आहे. पण तिसऱ्यांदा ताटली घेऊन उभी आहे.

वृषाली वहिनी ३०२: आमचं कार्टं पण तेच म्हणालं. मग लिंबू पिळून दिलं, गप्प बसलं. नुसत्या नूडल्स मिळणार नाहीत, आठवड्यातनं एकदाच आणि अशाच, हे पण सांगून टाकलं. त्यावर गप्प बसलं नाही.

सुनंदा काकू १०३: उन्हाळ्यात शेवया करतो त्या अशाच फोडणी देऊन बघू काय? तळलेल्या नाहीत, घरच्या गव्हाच्या.

अवी २०१: होतील की काकू. गाळून घ्यायच्या फक्त. पुढच्या रविवारी तुमच्याकडं.

सेक्रेटरी अण्णा: गच्ची झाडून घेतली आहे. एक स्टीलची चाळणी, दोन डाव राहिलेत, ज्याचे त्यांनी न्यावेत.

अवी २०१: अण्णा, पुड्या मोजल्या का? सहा फोडल्या, सहा उरायला पाहिजेत. डब्यात चारच आहेत.

ओंकार ४०१: मी नाही घेतल्या काका, खरंच.

वृषाली वहिनी ३०२: आमच्याकडंही नाहीत. खिसे तपासले.

सुनंदा काकू १०३: मोठ्यांच्या लगद्याला बरीच चव होती म्हणा. तात्यांच्या ताटलीतल्या तर जास्तच.

तात्या १०२: वाऱ्यानं उडाल्या असतील. बीपीची गोळी घेतलेली आहे. शुभ रात्री.