मदत हवी आहे : जेटीवरील भिंतीचित्राच्या आखणीत वाडीला कसे सामील करावे?

मालवण तालुक्यातील आमच्या वाडीत जेटीलगतच्या साठेक फूट लांबीच्या, गिलावा केलेल्या भिंतीवर चित्र काढण्यास ग्रामपंचायतीने तोंडी संमती दिली असून, पिंगुळीच्या चित्रकथी शैलीचा (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेतील चित्रशैली) विचार सुरू आहे. दोन बैठका झाल्या, पण दोन्हींना तेच सात-आठ पुरुष आले. रोज त्याच भिंतीला टोपल्या टेकवून बसणाऱ्या मासेविक्रेत्या बायकांपैकी एकही आली नाही, कारण मासळी उतरण्याचीच वेळ आम्ही बैठकीला निवडली होती (चूक आमचीच). घरोघरी वाटलेले कागद बहुतांशी “तुम्हीच ठरवा” एवढ्याच शेऱ्यासह परत आले. खर्च वर्गणीतून होणार असून रंगकाम पावसाळ्यापूर्वी संपवणे भाग आहे, त्यामुळे मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांसाठी थांबता येणार नाही. अशा वेळी दोन-तीन कच्चे आराखडे भिंतीपाशीच मांडून मते घ्यावीत, की चित्राचा विषयच आधी बायकांना विचारून ठरवावा, आणि एकमत न झाल्यास अंतिम निर्णय ग्रामसभेवर सोपवावा का?