ब्रिटनमधील ऑनर्स पदवीचे वर्ग आणि ६४ टक्के

वर एका सदस्याने पुतणीला इंग्लंडमधील विद्यापीठात ६४ टक्के मिळाले म्हणजे प्रथम वर्ग नक्की, असे गृहीत धरले आहे, म्हणून थोडी भर घालतो. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग म्हणण्याची सवय असली, तरी तिकडे तो साधारणपणे ७० पासून सुरू होतो. ६० ते ६९ हा उच्च द्वितीय वर्ग, म्हणजे बोलण्यातला 'टू-वन', ५० ते ५९ कनिष्ठ द्वितीय आणि ४० ते ४९ तृतीय.

तरीही ६४ वर नाक मुरडण्याचे कारण नाही. अनेक नोकऱ्या आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान 'टू-वन'च मागतात, आणि निबंधवजा उत्तरांच्या विषयांत ७५ गुण मिळणे ही मोठी शाबासकी समजली जाते. शिवाय तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या वर्षाचे गुण बहुधा अंतिम वर्गात धरत नाहीत आणि शेवटच्या वर्षाला अधिक भार देतात, त्यामुळे ६४ नेमके कोणत्या वर्षाचे, हे आधी विचारावे.

केंब्रिजच्या गणिताची तऱ्हा निराळीच. तिथे अंतिम परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणारा 'रँग्लर', द्वितीय वर्गातला 'सीनियर ऑप्टिमी' आणि तृतीय वर्गातला 'ज्युनियर ऑप्टिमी'. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये 'सीनियर रँग्लर', म्हणजे त्या प्रथम वर्गातही अव्वल, ठरले होते; १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणे थांबले, बिरुद मात्र टिकले.