घरून पिशवी नेऊन खरंच काही होतं का, की सगळं कंपन्यांच्याच हातात?

रात्रपाळी: दोन-तीन वर्षं झाली, पिशवी, पाण्याची बाटली घरून नेतोय, लाईट-पंखे बंद करत फिरतो (घरचे वैतागलेत माझ्यावर) आणि काल कुठेतरी वाचलं की १०० कंपन्याच ७१ टक्के प्रदूषण करतात. मग मी कशाला जीव काढतोय? शाश्वत विकास नक्की कोणी करायचा?

खटपट्या: तो आकडा २०१७च्या रिपोर्टमधला, पण अर्धवटच फिरतो हो. त्या १०० म्हणजे मुख्यतः कोळसा, तेल, गॅस काढणाऱ्या कंपन्या, त्यात सरकारी पण आल्या, आणि हिशोब १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे. त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग त्यांनी विकलेलं इंधन जाळल्यावर निघतो, म्हणजे तुमच्याआमच्या गाडीच्या सायलेन्सरमधून पण. हात झटकून मोकळं नाही होता येत.

उलटतपासणी: ते खरं, पण कार्बन फूटप्रिंट (एकेका माणसामुळे किती हरितगृह वायू निघतात त्याचा हिशोब) हा शब्द घरोघरी कोणी नेला? बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने! २००४ला स्वतःचा कॅल्क्युलेटर काढला, जाहिराती केल्या. तेल आम्ही विकतो, हिशोब तुम्ही ठेवा 😄

जुनापुराणा: माझं दुखणं वेगळंच. फोन ठणठणीत, फक्त बॅटरी गेलेली. पूर्वी नखाने कव्हर उघडायचं की झालं, आता ती आत गोंदाने चिकटवलेली असते. अर्धा तास हेअर ड्रायरने मागची काच गरम करत बसलो, कडेने प्लास्टिकची पट्टी सरकवली, काच तडकली ती तडकलीच. आता हा गोंद लावायचं मी ठरवलं का? फ्रान्समध्ये २०२१ला फोन विकताना दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी मार्क दाखवणं सक्तीचं झालं, तसं सगळीकडे हवं.

खटपट्या: गोंदाचं पटलं. सीएफसीचं आठवा, स्प्रेच्या डब्यांत आणि फ्रीज-एसीत असायचा तो गॅस. ओझोनला धोका आहे हे १९७४ला शास्त्रज्ञांनी सांगितलं, अमेरिकेत लोकांनी स्प्रेचे डबे घेणं कमी केलं, १९७८ला तिथे बहुतेक स्प्रेंमधून सीएफसी बंद झालं, १९८७ला असे गॅस कमी करायचा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार. कंपन्या आधी विरोधातच होत्या. लोकांनी डबे सोडले म्हणून नियमाला जोर आला, पण नुसत्या तेवढ्यावर फ्रीज-एसीतला गॅस काही बदलला नसता, तो कोणाला दिसतच नव्हता.

रात्रपाळी: म्हणजे पिशवी चालू ठेवू, आणि बोंबलू पण. बरं जुनापुराणा, ती बॅटरी बसली का शेवटी?

जुनापुराणा: बसली ना. काचेवर चिकटपट्टी मारलीय, त्याच फोनवरून टाइप करतोय.