ग्लोबल हेल्थची एमएस्सी आणि सत्तरीतला माकडताप

प्रेषक: फोंडा

सप्रेम नमस्कार मंडळी,
इथल्या एका बीडीएस झालेल्या मुलीसाठी विचारते आहे. येत्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये ग्लोबल हेल्थची एका वर्षाची एमएस्सी करायचं तिच्या मनात आहे. डिसर्टेशनचा (शेवटच्या प्रबंधाचा) विषयही ठरवलाय: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप, काजूच्या बागांत राबणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेऊन. कोर्स निवडताना काय बघावं? आणि खर्चाचे पैसे काकांच्या खात्यात आहेत, ते व्हिसाला चालतील ना?

प्रेषक: लिव्हरपूल

ताई, विषय अस्सल आहे. 2015 पासून सत्तरीत माकडताप आहे, आणि रानात गेल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही त्यांनाच तो गाठतो. पण महिने जुळत नाहीत. डिसर्टेशनचं काम होतं जून ते ऑगस्टमध्ये. माकडतापाचा जोर असतो साधारण डिसेंबर ते मे. ती दाबोळी विमानतळावर उतरेल तेव्हा पाऊस कोसळत असेल, काजूच्या भट्ट्या विझलेल्या असतील. बायका आठवून सांगतील की गोचीड कितीदा चावली, पण चार महिन्यांपूर्वीच्या आठवणीवर उभा केलेला आकडा परीक्षक लगेच खोडतो.

दुसरी अडचण परवानगीची. विद्यापीठाची एथिक्स कमिटी एक. माणसं भारतातली म्हणून भारतातल्या संस्थेची कमिटी दुसरी. परदेशी संस्थेचं सहकार्य किंवा तिकडचा पैसा आला की आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीचाही प्रश्न उभा राहतो. यातली एकेक पायरी महिने खाते. मेमध्ये अर्ज केला तर ऑगस्टला हातात कोरी प्रश्नावलीच उरते. तेव्हा आधीच गोळा झालेल्या माहितीवर काम करावं, असं माझं ठाम मत आहे.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नका. एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसाराचा अभ्यास) आणि स्टॅटिस्टिक्स सक्तीचे आहेत का, आर किंवा स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर हाताने चालवून घेतात का, हे मॉड्यूलच्या यादीत बघा. परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था 2025 मध्ये बंद झाली, ब्रिटनही परदेशी मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यांवर आणतो आहे. नुसत्या धोरणाच्या निबंधांवर मिळणाऱ्या नोकऱ्या आटल्यात; आकडे नीट हाताळणाऱ्याला अजून विचारतात. मानसिक आरोग्यात रस असेल तर मात्र गोव्यातल्या पर्वरीची ‘संगत’ ही संस्था विसरू नये. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून उपचार कसे द्यावेत, याच्या तिथल्या चाचण्या जगभर अभ्यासल्या जातात. तिथे ऑक्टोबरमध्येच पत्र टाकावं, एप्रिलमध्ये नव्हे.

प्रेषक: लंडन

काकांचं खातं चालणार नाही. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं हवं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव आत्ताच ताडून बघा. आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं असेल तर ते निस्तरायला वेळ लागतो.

काकांनी रक्कम वडिलांच्या खात्यात वळती करावी आणि ती सलग 28 दिवस तिथे राहू द्यावी. एका दिवसासाठी जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जातो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या 31 दिवसांच्या आत हवी. राहण्याच्या खर्चापोटी लंडनबाहेर दरमहा 1,171 पौंड, लंडनात 1,529, असे नऊ महिन्यांचे दाखवायचे. म्हणजे 10,539 किंवा 13,761 पौंड, आणि वर न भरलेली फी. बँकेचं शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर मंजूर झालं असेल तर त्या रकमेला 28 दिवसांची अट नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, तिची चौकशी आधी करा.

व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) वर्षाला 776 पौंड. पण व्हिसा कोर्सच्या आधी-नंतरच्या काही महिन्यांसकट मिळतो, म्हणून एका वर्षाच्या कोर्सला दीड वर्षाचे, 1,164 भरावे लागतात. पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो.

प्रेषक: लिस्बन

घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर एक लक्षात घ्या: इंग्लंडमध्ये 2021-22 पासून त्याचा फीला उपयोग नाही, परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते. स्वीडनमध्ये मात्र युरोपियन युनियनच्या नागरिकाला शिकवणी फी नाही, आणि तिथल्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय विद्यापीठात ग्लोबल हेल्थचा एका वर्षाचा मास्टर्स आहे.

प्रेषक: फोंडा

पासपोर्ट भारतीयच आहे. पैसे उद्याच वळते करायला सांगते. माकडताप सोडायचा तर मलेरिया घ्यावा का? तो पावसातलाच ना.

प्रेषक: लिव्हरपूल

मलेरिया उत्तम. गोव्यात तो शहरी आहे: बांधकामाच्या क्युरिंगचं (सिमेंट ओलं ठेवण्याचं) साचलेलं पाणी, टाक्या, आणि त्यात वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डास. बांधकामावरच्या मजुरांच्या रक्त तपासणीची आणि हेल्थ कार्डांची व्यवस्थाही आहे. म्हणजे मुलाखतींशिवाय, नोंदींवर काम होऊ शकतं. आरोग्य संचालनालयाला पत्र नोव्हेंबरमध्ये जावं, सुपरव्हायझरच्या सहीनिशी. मागायचं ते असं: आरोग्य केंद्रनिहाय, महिनावार, किमान पाच वर्षांचे आकडे, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम हे मलेरियाचे दोन प्रकार वेगळे, कुणाचंही नाव-पत्ता नको.

आकडे मिळाले नाहीत तर एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) हाताशी ठेवा, पण विषय बदलावा लागेल, रक्तक्षय किंवा रक्तदाब. तिथे व्ही००५ हे वेट (नमुन्यातल्या प्रत्येकीला द्यायचा भार) 10 लाखांनी भागून मगच वापरायचं आणि क्लस्टर, म्हणजे नमुना ज्या गाव-वस्त्यांतून घेतला ते गट, सॉफ्टवेअरला सांगायचे, नाहीतर सगळी गणितं फसतात. गोव्याचा नमुना लहान आहे, फार तुकडे पाडू नयेत. शंभर जणींत 20 टक्के आलं तर खरा आकडा 12 ते 28 मध्ये कुठेही असू शकतो, आणि क्लस्टरमुळे ही दरी आणखी रुंदावते.

मलेरियाच्या पत्रात एक ओळ राहून जाते, ती आधी लिहा: प्रत्येक केंद्राने त्या महिन्यात किती रक्तनमुने तपासले. तो आकडा नसेल तर रुग्ण घटले की तपासण्याच घटल्या, हे कळत नाही.