पूलचा वास आणि रजिस्टरमधले २

देशपांडे काकू, बी-३०२: नमस्कार. सलग तिसरा रविवार. पोरं डोळे चोळत पूलमधून वर येतायत, वास लिफ्टपर्यंत. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं, आठवतंय का कुणाला?

दामले काका, ए-१०१: आज सकाळी ७ वाजता क्लोरीन २ पीपीएम आहे, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. रजिस्टरमध्ये लिहिलंय. १ ते ३ चालतं.

शिंदे वहिनी, बी-४०१: एवढा वास म्हणजे जास्तच पडलंय. चार दिवस टाकूच नका.

निखिल, सी-५०४: वहिनी, उलटं आहे. मोकळ्या क्लोरीनला एवढा वास नसतो. घाम, लघवी यांच्याशी जुळून क्लोरामाइन होतं, वास त्याचा आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानंच. टाकायचं थांबवलंत तर वाढेल.

सावंत, डी-१०२: लघवी?? लोक पोहे खातायत हो 😂

देशपांडे काकू, बी-३०२: सावंत, तुमचे पाहुणे शॉवर न घेता उतरतात त्यावर बोलू का?

सावंत, डी-१०२: गेस्ट फी भरली आहे. पावती टाकू?

दामले काका, ए-१०१: कृपया विषयावर राहा. रजिस्टरमध्ये २ आहे.

निखिल, सी-५०४: काका, पूल सांभाळणाऱ्या मारुतीकडे पिवळा रंग येणारं थेंबांचं किट आहे ना? ते ओटीओ. मोकळं आणि जुळलेलं मिळून एकूण दाखवतं. त्यातली बाटली तपकिरी पडली असेल तर तेवढाही भरवसा नाही. मोकळं वेगळं कळायला डीपीडीच्या गोळ्या लागतात.

फर्नांडिस अंकल, डी-२०३: नळी पूलच्याच पाण्यानं दोनतीनदा विसळायची. इनलेटपासून लांब, कोपरभर खोल उलटी बुडवून आत सुलटी करायची. १० मिलि पाणी. १ नंबरची गोळी पाकिटातून सरळ नळीत, बोट न लावता. पूर्ण चुरून विरघळली की गुलाबी रंग लगेच तक्त्याशी लावायचा, हे मोकळं. त्याच नळीत ३ नंबरची गोळी, २ मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, हे एकूण. फरक म्हणजे क्लोरामाइन. ०.५ च्या वर गेला की बोंब.

शिंदे वहिनी, बी-४०१: मारुती तोंडावर अंगठा ठेवून हलवतो. मी पाहिलंय.

फर्नांडिस अंकल, डी-२०३: तेच चुकतं. अंगठ्याचा घाम क्लोरीन खातो. टोपण लावा. आणि रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर. पंप रूमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच बरोबर दिसतं.

निखिल, सी-५०४: आणखी एक. क्लोरीन १० च्या वर असेल तर गुलाबी रंग चमकून उडून जातो, मारुती शून्य लिहून अजून ओततो. शंका आली तर १ भाग पूलचं पाणी, ४ भाग डिस्टिल्ड, आकडा गुणिले ५.

दामले काका, ए-१०१: गोळ्यांचा खर्च एजीएमशिवाय, म्हणजे वार्षिक सभेशिवाय, मंजूर कसा करणार? शिवाय रजिस्टरमध्ये २ आहे.

देशपांडे काकू, बी-३०२: लॉबीतल्या कुंड्यांना एजीएम लागली नव्हती.

सावंत, डी-१०२: कुंड्या 🙏

निखिल, सी-५०४: अंकलकडच्या गोळ्यांनी आत्ता मोजलं. मोकळं ०.५, एकूण २. क्लोरामाइन १.५. ते मोडायला त्याच्या दहापट क्लोरीन, म्हणजे १५ पीपीएम द्यावं लागेल. आपल्या ८० हजार लिटरला ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपो (क्लोरीनची पावडर) साधारण १ किलो ८५० ग्रॅम. ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून. मोकळं ३ च्या खाली येईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

फर्नांडिस अंकल, डी-२०३: टीसीसीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीन गोळ्या, त्यांचा मापाचा मग हायपोला अजिबात वापरू नका. दोन्ही एकत्र आली की पेट घेतात. मारुतीला मी स्वतः सांगतो.

सावंत, डी-१०२: मग उद्याची गेस्ट फी परत मिळणार का?

दामले काका, ए-१०१: एकूण २ ना? मग रजिस्टरमध्ये २ च तर लिहिलंय.