घरचं मलम: कसं करता, किती टिकतं? अनुभव लिहा

पाऊस सरला, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या बेतात आहेत आणि घरोघरी टाचा उलायला सुरुवात झालीय. कोल्हापुरात अजून बऱ्याच घरांत मलम घरीच होतं, हे गेल्या महिन्यात एका बारशाच्या पंगतीत कळलं. चार बायका आणि चार कृती, वर प्रत्येकीला आपलंच खरं वाटत होतं! म्हणून हा धागा. आजीच्या बटव्याचं कौतुक नको. तेल कुठलं, मेण किती, किती दिवस टिकलं आणि कुठं उपयोग झाला नाही, एवढं लिहा.

माझ्यापासून सुरू करते. घाण्यावरचं तिळाचं तेल पाच वाट्या, किसलेलं मधमाशीचं मेण एक वाटी. तेलात आधी निगडीचा (निर्गुंडीचा) पाला सिद्ध केलेला. थंडीत सहाला एक चालतं, पण एप्रिलात तेच डबीत पातळ होतं, तेव्हा चाराला एक. मेण विरघळलं की फ्रीजमधून काढलेल्या चमच्यावर थेंब टाकून बघायचा. बोटानं दाबला की जेवढा घट्ट लागेल, तेवढंच मलम घट्ट होणार. मऊ वाटलं तर मेण घाला, फारच टणक झालं तर तेल. निवल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे सगळं पुन्हा वितळवत बसा.

कसबा बावडा, आयुर्वेदाची विद्यार्थिनी

ताई, ‘पाला सिद्ध केला’ हे चार शब्दांत उरकलंत, पण टिकण्याचं सगळं गणित तिथंच आहे. ओल्या पाल्यात पाणी असतं. ते तेलात राहिलं की बुरशी आलीच, मग मेण कितीही घाला.

आम्हाला शिकवलेलं प्रमाण असं: पाल्याचा वाटलेला गोळा (कल्क) एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा पाणी सोळा भाग. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत. घाई करून आच वाढवली की खाली कल्क करपतो आणि वर पाणी तसंच राहतं. झालं कधी, हे ओळखायच्या खुणा जुन्या आणि चोख आहेत. तेलावर फेस येतो (तुपाचं उलटं, तूप सिद्ध झालं की फेस शमतो). कल्क दोन बोटांत वळला की त्याची वात होते. ती वात ज्योतीवर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, गुपचूप जळली तर उतरवा. मलमासाठी मी वात वळल्यावरही मिनिटभर थांबते, पण कल्क कडक होऊ देत नाही. गाळायचं गरम असतानाच, कोरड्या मलमलीतून. शेवटचा गाळ पिळायचा मोह होतो, पण पिळलं की तळाचा ओलसर चोथा तेलात उतरतो.

शिरोळ तालुका, ऊस उत्पादक

आमच्याकडं मलम-बिलम नंतर, आधी दगडी पाला. फडात पाचटानं हात चरचर कापतोय, तवा बांधावरचा पाला चोळायचा, रस जखमंवर पिळायचा, रक्त थांबतंय. संध्याकाळी घरात आल्यावर मात्र मंडळींनी केल्यालं करंजाच्या तेलाचं मलम. वास लई वाईट, पोरं जवळ बसत न्हाईत. पण ऊसतोडीच्या दिवसांत हाताच्या भेगांस्नी दुसरं काय लागू पडत न्हाई. दोन वर्सं झाली तरी डबी खराब न्हाई. मुंग्याबी लागत न्हाईत, वासानंच पळत्यात. एक सांगतो, कोयता खोल लागला तर पालाबी नको नि मलमबी नको. सरळ दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन.

राजारामपुरी

मी मेण वापरतच नाही. शतधौत घृत करते. घरचं गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, उकळून गार केलेलं थोडं पाणी घालून तळव्यानं घोळायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं. असं शंभर वेळा. सासूबाई मोजायला खडे ठेवायच्या, मी हरभरे ठेवते. निम्म्यावर तुपाचा पिवळेपणा जातो, रवाळपणा मोडतो आणि पुढे पुढे ते पांढरंशुभ्र, हलकं, बिनवासाचं होतं. बोटावर घेतलं की गार लागतं. उन्हाळ्यात अंगाची आग होते त्याला आणि कोरड्या ओठांना यासारखं काही नाही.

टिकण्याच्या बाबतीत मात्र वरच्या ताईंचं बरोबर आहे. यात पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे छोटी डबी करायची, फ्रीजमध्ये ठेवायची. वास बदलला की सरळ टाकून द्यायची. तूप महाग म्हणून जीव तुटतो, पण तोंडाला लावायचंय.

गगनबावडा

राजारामपुरीच्या काकींना फ्रीज आहे, इथं जुलैत दिवसेंदिवस वीज नसते! काही जण पाला तेलात घालून उन्हात मुरवतात, पण आमच्याकडच्या पावसात त्या गोष्टी करू नका. पाला एप्रिल-मेमध्येच सावलीत वाळवून बरणीत भरायचा, तोही हातात चुरचुरला तरच. मलमही मिरगाच्या आत उरकायचं.

आणखी एक, जे कुणी लिहिलं नाही. गरम मलम डबीत ओतून लगेच झाकण लावू नका. झाकणाच्या आतून वाफेचे थेंब धरतात, ते मलमावर पडतात आणि नेमकी तिथंच पांढरी बुरशी उगवते. वर पातळ फडकं टाकून रात्रभर निवू द्यायचं, झाकण सकाळी. डब्या काचेच्या, रुंद तोंडाच्या, उकळून उन्हात खडखडीत वाळवलेल्या. काढायला लाकडी काडी, ओलं बोट नाही.

टाचांना आम्ही घाटाखालून आणलेलं कोकमाचं तेल लावतो, कोकणात त्याला मुठेल म्हणतात. बियांचं असतं, थंडीत दगडासारखं घट्ट होतं, मेणाची गरजच नाही. किसून थोड्या खोबरेलात वितळवलं की झालं.

शिवाजी उद्यमनगर, फाउंड्रीत कामाला

हळदीचं मलम आमच्या आईचं, सुकल्या जखमेला झकास. पण भाजल्यावर पहिल्यांदा मलम लावणाऱ्यांनी हे वाचा. आमच्याकडे ठिणगी उडणं रोजचंच. भाजल्या भाजल्या नळाखाली धरायचं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. तेल, तूप, मेण लावलं की आतली उष्णता आतच कोंडते, आणि दवाखान्यात गेल्यावर ते खरवडून काढताना जीव जातो. गुऱ्हाळावर काकवी अंगावर उडते त्यालाही हेच. फोड मोठा असेल किंवा हात-तोंड भाजलं असेल, तर पाण्याखाली धरण्यापलीकडे घरी काही करूच नका, सरळ दवाखाना.

गंगावेस, तालमीत जाणारा

मुक्या माराला मलम नाही भावा, लेप. आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळायचं, कोमट करून लावायचं, वाळलं की धुवायचं. उरलं तर ठेवायचं नाही, रोजचं ताजं. संपला विषय.

ताराबाई पार्क, औषध निर्माता

कुणाच्या आजीच्या वहीत शेंदूर किंवा मुरदाडशिंग घातलेल्या काळ्या मलमाची कृती असेल, तर ती वहीतच राहू द्या. दोन्ही शिशाचे ऑक्साइड. तेलात शिजवले की शिशाचा साबण तयार होतो, म्हणून ते मलम कागदावर थापून गळवाला घट्ट चिकटायचं. चिकटायचं छान, पण उघड्या जखमेतून शिसं अंगात जातं आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. मोरचूदही घरी नको.

आता टिकण्याबद्दल. बुरशी आणि खवटपणा हे दोन वेगळे रोग आहेत. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतात, तिनं तेल खवट व्हायला उशीर लागतो. बुरशीला ती काही करत नाही. तिळाच्या तेलात सेसमोलसारखी घटकद्रव्यं मुळातच असतात म्हणून ते टिकतं. जवस आणि सूर्यफूल लवकर खवटतात. कोरफडीचा ताजा गर मेणात घालणाऱ्यांना विनंती, घालू नका. तो जवळजवळ सगळा पाणीच असतो.

कापूर, पुदिन्याचं फूल (मेंथॉल), ओव्याचं फूल (थायमॉल) घालणार असाल तर भांडं चुलीवरून उतरवून, मलम कडेनं पांढुरकं होऊन घट्ट व्हायला लागल्यावर. गरमात घातलं तर निम्मं हवेत जातं आणि कापूर पेटतोही. तान्ह्या बाळाच्या नाकाछातीला असलं मलम अजिबात नको. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरचे प्रयोग करू नयेत.

गडहिंग्लज, बचत गट

आम्ही प्रदर्शनात मांडायचं ठरवलं होतं, लेबलंसुद्धा छापली होती. मग कळलं की आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. नुसती क्रीम म्हणून विकली तरी सौंदर्यप्रसाधनाचा परवाना आहेच. आता शेजारीपाजारी वाटतो. पैसे न घेता लोक चौकशी जास्त करतात, ही वेगळीच गंमत.

कळंबा

मेण चांगलं कुठं मिळतं? दुकानातलं पांढरं ठिसूळ आलं, मलमावर दाणे आले.

धागाकर्ती

त्यात पॅराफिन असावं. खरं मेण पिवळसर असतं, मधाचा वास येतो, तळहाताच्या उबेनं मऊ होतं. भुदरगडातल्या पाटगावला, मधाचं गाव म्हणतात तिथं, मध काढणाऱ्यांकडे विचारा. आणल्यावर एकदा पाण्यात उकळून गाळा, गार झालं की वर वडी धरते. खालचा मळ चाकूनं खरवडायचा आणि वडी दोन दिवस वाळवायची, नाहीतर तिच्यातलं पाणी मलमात येतं. दाण्यांचं म्हणाल तर मलम हळू गार झालं तरी ते येतात. ओततानाच भरभर ढवळा. तेवढ्यासाठी डबी टाकायची गरज नाही.