कोअर शॉपमधील रसायनांची माहिती फाइलमध्ये ठेवणे पुरेसे आहे का?

प्रश्न
शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फौंड्री असून कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवण्याच्या विभागात, वाळू बांधण्यासाठी आम्ही फ्युरान रेझिन आणि ते घट्ट करणारे सल्फॉनिक ॲसिडचे हार्डनर वापरतो. दोन्हींची इंग्रजी माहितीपत्रके, म्हणजे एमएसडीएस, ऑफिसच्या कपाटात आहेत. मात्र ग्राहकाकडून आलेल्या ऑडिटरने ही माहिती कामगारांपर्यंत पोहोचल्याचा पुरावा मागितला आहे. तेवढी फाइल दाखवून भागेल का?

उत्तर १
भागणार नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जे चार-अ प्रकरण घालण्यात आले, त्यातील कलम ४१-ब ने धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या भोगवटादारावर (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीवर) त्या प्रक्रियेचे धोके, आरोग्यावर होणारे परिणाम आणि ते टाळण्याचे उपाय कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही कळवण्याचे बंधन घातले. पहिल्या अनुसूचीत फौंड्रीचा स्पष्ट उल्लेख असल्याने 'आमचे काम लोखंडाचे, केमिकलचे नव्हे' ही आपल्याकडची आवडती सबब टिकत नाही. माहिती उघड करण्याचे हे बंधन कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेतही कायम आहे.

उत्तर २
बॅरलवर कंपनीचे लेबल असतेच. घोळ होतो तो बॅरलमधून काढून घेतलेल्या कॅनमध्ये. गोकुळ शिरगावच्या आमच्या शॉपमध्ये रेझिन आणि हार्डनर यांचे पाच लिटरचे पांढरे कॅन एकसारखेच होते. रात्रपाळीत एका मुलाने तळाशी हार्डनर उरलेल्या कॅनमध्ये रेझिन ओतले. मध्ये वाळू नसताना ही दोन्ही थेट एकत्र आली की इतक्या वेगाने तापतात, की क्षणात धूर निघून कॅन फुगला आणि त्याचे झाकण उडाले. मुलगा मागे सरकला म्हणून बचावला. एमएसडीएस त्या रात्रीही कपाटातच होते, आणि कपाटाला कुलूप होते. आता रेझिनच्या कॅनला लाल पट्टा, हार्डनरच्या कॅनला पिवळा पट्टा आणि दोन्हींवर ऑइल पेंटने मराठी व हिंदीत नावे आहेत.

उत्तर ३
धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार डब्यावर आतील पदार्थ, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि भौतिक, रासायनिक व विषारीपणाविषयीची माहिती असावी लागते. माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात. त्यांपैकी दुसरा (धोके), चौथा (प्रथमोपचार), सातवा (हाताळणी) आणि आठवा (संरक्षक साधने) एवढ्यांचा मराठी गोषवारा मिक्सरजवळ लावा. प्रशिक्षणाच्या नोंदवहीत नुसत्या सह्या घेऊ नका. डोळ्यांत हार्डनर उडाले तर काय करायचे, हे प्रत्येकाकडून वदवून घ्या. ऑडिटर नेमके तेच विचारतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दुपारी कोअर शॉपमध्ये जाऊन पाहिले. नऊ कॅनपैकी एकावरही नाव नाही. पेंट आणायला माणूस पाठवला आहे.